लाखेची चार सीलं आणि एक हार्ड डिस्क

ती घटना आजही मला आठवते ती वासासकट. मेणबत्तीवर धरलेली लाल लाखेची कांडी आणि तिचा तो जरा गोडसर, जरा घुसमटवणारा वास. नोकरीत मी किती सीलं मारली याची मोजदाद नाही. माझ्या सीलांचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल करतो. पितळी शिक्का असा दाबायचो की अक्षरन् अक्षर उमटलं पाहिजे. बचाव पक्षाच्या वकिलांनी माझे पंचनामे पुष्कळ ओढून-ताणून पाहिले, पण सीलावर कधी कुणाला बोट ठेवता आलं नाही. त्याच सीलाने एकदा मला तोंडघशी पाडलं, आणि माझ्याबरोबर एका निर्दोष माणसालाही बुडवण्याची वेळ आणली.

कापसाची ती वाईट वर्षं होती. मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पुसदच्या पुढे फुलसावंगीच्या बाजूला ठाणेदार होतो. मे महिना लागला की त्या भागात एकच प्रश्न ऐकू यायचा, बियाणं खरं की खोटं? खोटं बियाणं पेरलं तर ते उगवत नाही हे कळायलाच आठवडा जातो. तोवर जमिनीतली ओल निघून जाते आणि वर्ष हातचं जातं. त्यामुळे त्या दिवसांत माझ्या लेखी दरोड्याइतकाच हा गुन्हा मोठा होता.

खबर आली ती टपालाने. संगणकावर टाईप केलेला अर्ज होता, खाली सही नाही. ठाण्यात निनावी अर्जांची एक फाईलच असते आणि त्यातले निम्मे अर्ज धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातून आलेले असतात. पण या अर्जात शिवीगाळ नव्हती, कुणावर राग नव्हता. अमुक गावच्या कृषी केंद्राच्या मागच्या गोदामात साध्या सरकीला रंग देऊन ती नामांकित कंपनीच्या पाकिटात भरली जात आहे, पेरणीपूर्वी कारवाई व्हावी, एवढंच लिहिलं होतं. कुणीतरी शेजारचा दुकानदार जळत असेल, असा मी अंदाज बांधला, अर्ज कपाटात ठेवला आणि स्टेशन डायरीला 'खात्रीलायक बातमीवरून' अशी नोंद करून दुसऱ्या दिवशी छापा घातला.

गोदामात प्लास्टिकचे टब होते. ढोरांना खाऊ घालायची सरकी त्यात हिरव्या-लाल पाण्यात भिजत पडली होती. काम करणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले. बाजूला कोरी करकरीत पाकिटांची थप्पी. कृषी विभागाच्या अधिकाऱ्याने फिर्याद दिली आणि केंद्राच्या मालकाला अटक झाली. हा मालक गावात वजनदार माणूस. भाऊबंदकी मोठी, ग्रामपंचायत त्यांच्याच घरात.

पाकिटं कुठे छापली, हा तपासाचा गाभा होता. मालकाने पहिल्या दिवशी सांगितलं की ती कंपनीच्याच गाडीतून आली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, एक फिरता विक्रेता देऊन गेला. तिसऱ्या दिवशी मात्र त्याने ठाम आवाजात पुसदच्या एका डीटीपीवाल्याचं नाव घेतलं. "साहेब, डोकं त्याचंच हाय. त्यानंच पाकीट बनवलं, त्यानंच मले या धंद्यात ओढलं."

डीटीपीवाला पस्तिशीचा, बारीक अंगाचा, बौद्ध समाजातला माणूस. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, चौदा एप्रिलची पोस्टरं असं त्याचं काम. बायको अंगणवाडी सेविका, आणि तिची अंगणवाडी नेमकी त्या कृषी केंद्राच्या मालकाच्या गावात. दुकानाची झडती घेतली तेव्हा टेबलावर तसल्याच बियाण्याचं एक खरं पाकीट सापडलं. मला तेवढं पुरेसं वाटलं. त्याला ताब्यात घेतलं आणि त्याच्या संगणकातली हार्ड डिस्क काढून जप्त केली.

इथे माझ्यातला सीलवाला जागा झाला. हातभट्टीच्या दारूचा नमुना घेतला की आम्ही बाटलीचं तोंड सील करतो. तोंड बंद म्हणजे आत कुणी काही मिसळणार नाही. त्याच शिस्तीने मी विचार केला, की डिस्कचंही तोंड बंद केलं पाहिजे. जिथे तार जोडतात, त्या बारीक पिनांच्या खोबणीवर मी पंचांच्या सहीचा कागद लावला आणि वर भरपूर लाख ओतली. एक सील तोंडावर, एक पाठीवर, दोन कडेला. मग कापड, सुतळी, पुन्हा सील. माझा रायटर, म्हणजे लिखापढीचा हवालदार, म्हणाला, "साहेब, आता याच्यात मुंगी बी जात नाही." मी खूश झालो.

चौकशीत मी दोघांना समोरासमोर बसवायचो. ही माझी आवडती पद्धत होती. खोटं बोलणारा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून गडबडतो, असा माझा अनुभव. डीटीपीवाला प्रत्येक वेळी तेच सांगायचा.

"यायनं नमुन्याचं पाकीट आणलं, साहेब. म्हणे असंच बनवून दे. मी स्कॅन केलं. मग मी म्हटलं, कंपनीचं पत्र आणा. पत्र आलं नाई. मी काम नाई म्हणून सांगतलं."

"मग पुढे काय केलंस?"

इथे तो थांबायचा. नजर खाली जायची. ओठ हलायचे, पण शब्द नाही. पहिल्या दिवशी थांबला, दुसऱ्या दिवशीही तिथेच थांबला, तिसऱ्या दिवशीही तिथेच. मालक भिंतीशी बसून पान खाल्ल्यासारखा तोंड हलवत ऐकत असायचा. मी ठरवूनच टाकलं की चोराच्या मनात चांदणं. लपवायचं नसतं तर माणूस अडखळला कशाला असता?

त्याची बायको रोज सकाळी डबा घेऊन यायची आणि सायकल स्टँडपाशी उभी राहायची. रडणं नाही, विनवणी नाही. एके दिवशी मला अडवून म्हणाली, "साहेब, त्यायच्या काम्पुटरात पाहा ना एकदा. ते सारंच जपून ठेवतात. माणूस नाई बोलला तरी ते बोलंन."

"काय बोलेल?"

"तुमीच पाहा," म्हणाली आणि डबा हवालदाराच्या हाती देऊन निघून गेली.

नागपूरच्या प्रयोगशाळेत अशा डिस्कचा नंबर लागायला महिने लागत. कोर्टाच्या परवानगीने आधी यवतमाळच्या सायबर कक्षात डिस्कची प्रत काढायची आणि मग मूळ डिस्क नागपूरला पाठवायची असं ठरलं. पोलीस कोठडी दुसऱ्या दिवशी संपत होती. डिस्कवर पाकिटाचं डिझाईन निघालं तर डीटीपीवाला पक्का अडकणार होता. काही निघालं नाही तर त्याला सोडावं लागणार होतं. दिग्रसमार्गे जीपने गेलो तेव्हा माझं मन पहिल्या बाजूला झुकलेलं होतं, खोटं कशाला बोलू.

सायबर कक्ष म्हणजे एक खोली, दोन संगणक आणि आवाज जास्त करणारा एक कूलर. तिथला हवालदार हौशी होता. तज्ज्ञ म्हणून एका महाविद्यालयातल्या प्राध्यापक बाई आल्या होत्या, मूळच्या वणीच्या. पंच म्हणून झेरॉक्सवाला आणि कार्यालयाची टेबलं पॉलिश करायला आलेला एक म्हातारा सुतार, असे दोघे हाताला लागले ते घेतले. पंच म्हणजे सही करायला दोन माणसं, अशीच आमची समजूत असते.

क्लोन म्हणजे काय हे बाईंनी मला समजावलं. "यात फाईल उघडायच्या नसतात, साहेब. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. म्हणजे सातबाऱ्याचा उतारा नाही, अख्खं वावरच उचलून दुसरीकडे ठेवायचं." मूळ डिस्कवर चुकूनही एक अक्षर लिहिलं जाऊ नये म्हणून त्यांनी मधे एक छोटं यंत्र लावलं.

पंचांसमक्ष सीलं फोडली आणि काम सुरू झालं. सुरुवातीलाच यंत्राने नकार दिला. आम्ही नेलेली कोरी डिस्क मूळ डिस्कपेक्षा किंचित लहान निघाली. दोन्हींवर आकडा चाळीस जीबीचाच होता, पण कंपन्या वेगळ्या. पायली पायलीत फरक असतो, तसं. शहरातून मोठी डिस्क मागवली. एक तास गेला.

मग बारा टक्क्यांवर पडद्यावर लाल अक्षरं आली. डिस्क वाचता येत नाही, डेटा एरर. पुन्हा पहिल्यापासून लावलं, तर एकतीस टक्क्यांवर तेच. तिसऱ्यांदा तर सातावरच गाडी थांबली.

हवालदार म्हणाला, "साहेब, यानंच डिस्क खराब केली असंन. झडतीची हवा लागली असंन त्याले."

मलाही तसंच वाटलं. पुरावा नष्ट करण्याचं कलम मनात तयार होतं. हवालदार पुढे म्हणाला, "मी एक करतो. डिस्क दुरुस्तीचा प्रोग्राम मारतो याच्यावर. अर्ध्या तासात साफ होते. मंग क्लोन काढू."

उद्याची कोर्टाची तारीख डोक्यावर होती. मी "मार" म्हणणारच होतो. बाईंनी हात आडवा घातला.

"साहेब, दुरुस्ती म्हणजे मूळ डिस्कवर लिहिणं. जे वाचता येत नाही ते तो प्रोग्राम पुसेल, हलवेल, आपल्या मनाने जोडेल. नंतर कोर्टात विचारलं की ही फाईल आरोपीची की पोलिसांची, तर काय सांगाल? आधी प्रत, मग दुरुस्ती. तीही प्रतीवर."

मी हवालदाराला थांबवलं. एका बाईने चारचौघांत थांबवलं याचा थोडा रागही आला होता, पण बोलणं खरं होतं.

बाईंनी एका लिफाफ्याच्या पाठीवर तीन आकडे लिहिले, बारा, एकतीस, सात. त्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या वणीच्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक जातात. रस्त्यात खड्डा असेल तर येणारा प्रत्येक ट्रक त्याच जागी आदळतो. इथं गाडी दरवेळी वेगळ्याच जागी आदळते आहे. म्हणजे रस्ता बरा आहे, साहेब. गाडीत बिघाड आहे."

त्यांनी तार बदलली, तरी तेच. दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिलं, तरी तेच. मग वीज बंद करून त्यांनी डिस्कचं तोंड उजेडात धरलं. मागून सुतारबुवा चष्मा वर करून डोकावले.

"हे तं चपडी हाय," ते म्हणाले.

"काय?"

"लाख, साहेब. पाहा ना, पिनाईच्या बुडात जाऊन बसली. वरचं फोडलं तुमी, खालचं राह्यलं. याच्यावर तार काय बसंन? कवा टेकते, कवा नाई."

हवालदाराने कूलरकडे पाहिलं. सील कुणाचं होतं ते पंचनाम्यावर माझ्या सहीने लिहिलेलंच होतं. ज्या डिस्कवरून मी त्या माणसाला पुरावा नष्ट केल्याबद्दल धरायला निघालो होतो, तिचा गळा मीच दाबला होता. मला खरोखर लाज वाटली.

"निघेल का?" मी विचारलं.

"काहून नाई निघणार? जिंदगी गेली माई चपडीत. स्पिरिटात इरघयते ते. पॉलिश म्हंजे दुसरं काय असते?"

दवाखान्यातून चांगलं स्पिरिट आणवलं. या साफसफाईचाही वेगळा पंचनामा केला. माझ्याच चुकीचा पंचनामा, माझ्याच तोंडून सांगितलेला. सुतारबुवांनी काडीला कापसाची बारीक वात गुंडाळली आणि एकेक पिन अशी पुसली, जशी नव्या नवरीच्या पेटीची कडी पुसावी. बाईंनी भिंगातून तपासलं, पूर्ण वाळू दिलं आणि तार जोडली.

बारा टक्के गेले. एकतीस गेले. पन्नासला मी खुर्चीवर बसलो. चौसष्टवर पुन्हा लाल अक्षरं.

माझं तोंड उतरलेलं पाहून बाई हसल्या. "थांबा." परत लावलं. पुन्हा चौसष्टवरच, अगदी त्याच जागी. "आता हा खरा खड्डा. जुनी डिस्क आहे, एखादी जागा झिजणारच. याला वळसा घालून पुढे जायचं. बाकी सगळं हाती आलं की शेवटी परत येऊन तेवढा तुकडा हळूहळू वाचून पाहायचा. नाहीच आला, तर कुठला नाही आला ते लिहून ठेवायचं."

मी पडद्याकडे बघत होतो, पण डोक्यात भलतंच चालू झालं. मालकाने तीन दिवसांत तीन जबाब दिले, दरवेळी वेगळ्या जागी घसरला. डीटीपीवाला दरवेळी एकाच जागी अडला. त्या एका जागेवरून मी त्याला खोटारडा ठरवला होता. बाकीचा त्याचा जबाब सलग, न बदलता माझ्यासमोर पडला होता, तो मी धड वाचलाच नव्हता.

दुपार कलता कलता प्रत पूर्ण झाली. चार-दोन बारीक तुकडे सोडून सगळं आलं. मग बाईंनी प्रतीवर फाईल शोधल्या. पाकिटाचं फक्त एक कच्चं स्कॅन होतं. छपाईला लागतं तसं डिझाईन कुठेच नव्हतं. पुसलेल्या फाईलींतही नव्हतं. त्याने सांगितलं होतं तेवढंच, तितकंच.

"हे एक पत्र आहे, साहेब. स्कॅन केल्यानंतर तीन आठवड्यांनी लिहिलेलं," बाई म्हणाल्या आणि उघडलं.

दोन ओळी वाचल्या आणि मला पुढचं वाचायची गरज उरली नाही. मला तो मजकूर पाठ होता. 'पेरणीपूर्वी कारवाई व्हावी, ही विनंती.' ते पत्र माझ्या कपाटात होतं. माझा खबऱ्या सहा दिवसांपासून माझ्याच लॉकअपमध्ये होता, ज्याच्याविरुद्ध खबर दिली त्याच्या शेजारी.

खरं तर डीटीपीवाल्याचं नाव निघालं तेव्हाच कपाटातल्या अर्जावरून मला कळायला हवं होतं. दोन्ही बाजूंना सारखा समास, एकही अक्षर चुकलेलं नाही. इतका नीटनेटका निनावी अर्ज जिल्ह्यात दुसरा कोण लिहिणार?

त्या पत्राचं काय करायचं, हा प्रश्न होता. खबर कुणी दिली हे सांगण्याची सक्ती कायदा पोलिसांवर करत नाही, आणि त्याची बायको, जिने गोदामातलं पाहून त्याला सांगितलं असणार, रोज त्या गावात लहान लेकरांना शिकवत होती. डिस्क आणि प्रत दोन्ही पूर्ण कोर्टात जाणार होत्या, त्यातून काही काढण्याचा सवालच नव्हता. पंचनाम्यात मात्र मी 'इतर खाजगी पत्रव्यवहार' एवढंच लिहिलं. सुतारबुवांनी सही केली आणि चष्मा खिशात ठेवत म्हणाले, "मले काही दिसलं नाई, साहेब. चपडीच्या वासानं डोये गेले माहे." मी त्यांना चहा पाजला. त्याहून जास्त काही देता आलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

परतीच्या वाटेवर मी जीपमध्ये चक्क गुणगुणत होतो. ड्रायव्हरने दोनदा वळून पाहिलं. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. एका रात्रीचा अवधी होता म्हणून बरं, नाहीतर मी त्या माणसाविरुद्ध स्वतः कोर्टात उभा राहून बोललो असतो.

सकाळी मालकाला एवढंच सांगितलं की डिस्क वाचली आणि डिझाईन तिच्यात नाही. त्याचा चौथा जबाब सुरू झाला, आणि या वेळी त्यात परराज्यातल्या एका छापखान्याचा पत्ता होता. तिथे पुढे छपाईच्या प्लेटा मिळाल्या. त्याच दिवशी डीटीपीवाल्याविरुद्ध पुरावा नाही, असा कलम १६९ चा अहवाल मी कोर्टाला दिला आणि तो सुटला.

सुटल्यावर मी त्याला माझ्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. खुर्ची दिली. सहा दिवस मी त्याला अरे-तुरे करत होतो, आता तोंडात आपसूक 'तुम्ही' आलं. त्याने आधी काय विचारलं असेल? "साहेब, काम्पुटरात चार लग्नपत्रिका हायेत. तारखा जवळ आल्या. लोक बोंबलून राह्यले असतीन." त्याचा त्रास, बेअब्रू, काही नाही. लोकांच्या लग्नपत्रिका. कोर्टाच्या परवानगीने त्या फाईली मी त्याला प्रतीवरून मिळवून दिल्या.

मग मी कपाटातून तो निनावी अर्ज काढून त्याच्यासमोर धरला. त्याने पाहिला, ओळखला, आणि नजर पुन्हा तशीच खाली गेली.

"हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तासाभरात घरी गेला असतात," मी म्हणालो. "मला एकट्याला तरी सांगायचं होतंत."

माझ्या हातातला अर्ज घेऊन त्याने त्याची नीट घडी घातली. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, "एकट्याले कवा इचारलं तुमी, साहेब?"

मी उठून दार उघडलं. बाहेर सायकल स्टँडपाशी त्याची बायको उभी होती. दोघं पुसदच्या एसटीकडे चालत गेली. ती पुढे, तो डबा घेऊन मागे.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी दोन गोष्टी पाळल्या. सील पिशवीवर मारायचं, वस्तूच्या तोंडावर नाही. आणि आरोपी असो, साक्षीदार असो, समोरासमोर बसवण्याआधी प्रत्येकाला एकदा एकट्याला बसवायचं, दार लावायचं आणि विचारायचं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? बरेच जण नाही म्हणतात. तरी मी विचारत राहिलो.